धावदोऱ्यावरचा कोट

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.

आजपासून रोजनिशी. कारण एकच: सूड. माणूस विसरतो, कागद विसरत नाही. आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं.

आवक: अपमान, एक. पाठवणार: माझा साडू. ठिकाण: त्याचंच घर, त्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं जेवण. साक्षीदार अंदाजे चाळीस.

मी नवा कोट घालून गेलो होतो. रेडिमेड, पण करडा, रुबाबदार. साडूने दारातच माझी डावी बाही उचलली, बाहीवरचं कंपनीचं लेबल सगळ्यांना दाखवलं, किल्ल्यांच्या जुडग्यातला नेलकटर काढला आणि ते लेबल कापलं. म्हणाला, हे घालण्याआधी काढायचं असतं, साडूभाऊ. मग मला गोल फिरवलं. पाठीमागे कोटाला जिथे चीर असते तिथे पांढऱ्या दोऱ्याची फुली होती म्हणे. तीही कापली. मग पुढून खालचं बटण सोडलं. हे लावायचं नसतं म्हणे. मग लावलंय कशाला शिंप्याने?

सगळे हसले. मेव्हणी म्हणाली, आता कसे साहेब दिसताय. बायकोही हसली. माझी बायको. तोंडावर हात ठेवून हसली, पण हसली.

लेबल खिशात घालून आणलं. या पानावर डिंकाने चिकटवलंय.

संध्याकाळी ७. बायकोचं म्हणणं, भावोजींनी मदतच केली, चारचौघांत शोभा होण्यापेक्षा बरं. तिथे चारचौघं नव्हते, चाळीस होते. मूग गिळून बसलो. पण मुगांना मोड येतात म्हणावं.

४ ऑगस्ट, सोमवार.

शत्रूचा अभ्यास. साडू गाड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर. रोज सूट, रोज टाय. म्हणून पोशाखातलं कळतं असा तोरा. मी बसतो खिडकीमागे. लोकांना मी छातीपासून वरच दिसतो. खाली काय घातलंय हे बावीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. तेवढाच काय तो फरक. बुद्धीत नाही.

निश्चय: तीन महिन्यांत असा पोशाख उभा करायचा की साडूने मान खाली घातली पाहिजे. आणि मान खाली घातल्यावर त्याला माझे बूट दिसले पाहिजेत.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी.

मोबाइलवर एक गृहस्थ सापडले. पांढरी मिशी, सावकाश बोलतात, पुरुषांच्या पोशाखाचे पारंपरिक नियम सांगतात. ज्याला नियम माहीत नाहीत तो कितीही महाग कपडे घालो, उघडाच, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांत पाणी आलं.

नियम वहीच्या मागच्या बाजूला उतरवतोय. पट्टा आणि बूट एका रंगाचे. मोजे पँटशी जुळवावेत, बुटांशी नाही. टायचं टोक बकलला टेकलं पाहिजे, वर नाही, खाली नाही. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. आणि सगळ्यांत मोठा नियम: कोटाखालचा शर्ट हे अंतर्वस्त्र समजावं. चारचौघांत कोट काढणारा माणूस आणि बनियनवर फिरणारा माणूस यांत फरक नाही.

एकूण एक्केचाळीस नियम. पाठ करणार.

मुलगी हॉस्टेलवरून आली होती. गुरांच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष. घरात आली की आधी गोठ्याचा वास येतो, मग ती. वही चाळून म्हणाली, बाबा, तुला काय आवडतं ते घाल ना, तो निळा चौकड्यांचा शर्ट तुला किती छान दिसतो. पोर हुशार आहे पण भाबडी. मला जे आवडतं तेच घालून गेलो होतो, म्हणून तर लेबल वहीत आलं.

१७ ऑगस्ट, रविवार.

कपाट साफ. गृहस्थ म्हणतात, नेमक्या तेहतीस वस्तूंत पुरुषाचं आयुष्य भागतं. माझे अकरा हाफ शर्ट, दोन सफारी, एक विजार (नाडीची) बाहेर काढले. बायकोने विचारलं, नक्की का? नक्की म्हणालो. तिने निळ्या शर्टासकट सगळ्यांची फडकी केली. दुपारपर्यंत फ्रिज माझ्याच शर्टाने पुसला जात होता.

सध्या वस्तू चार: पांढरा शर्ट, करडी पँट, काळा पट्टा, टाय. बाकी एकोणतीस लवकरच.

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ८.

एकच शर्ट असल्याने रोज धुवावा लागणार हे काल लक्षात आलं नाही. ओलाच घालून चाललोय. शरीराच्या उष्णतेने वाळेल.

संध्याकाळी. वाळला नाही. शिंका.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.

ऑफिसात टाय लावण्याचा बारावा दिवस. टाय दोनदा शाईच्या पॅडवर पडला, एकदा डिंकात. एका पत्रावर टायच्या टोकाचा ठसा गेला, ते पत्र तसंच जावक झालं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, दुसरीकडे मुलाखती चालू आहेत वाटतं. नाही म्हणालो. लपवू नका म्हणाले, बेस्ट ऑफ लक. अडवलं नाही. बावीस वर्षं झाली, निदान एकदा तरी 'का जाताय?' असं विचारायला काय हरकत होती? साहेबांचं नाव दुसऱ्या यादीत घेतलंय. आधी साडू, मग साहेब.

६ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १.

मुलीचा फोन. कॉलेजात पहिली आली. पहिली! पदवीदान पंधरा नोव्हेंबरला. पदक मिळणाऱ्यांच्या आईवडिलांपैकी एकाला स्टेजवर बोलावतात आणि त्याच्याच हातून पदक मुलीच्या गळ्यात घालतात. तिने माझं नाव दिलंय.

आईचं का नाही, विचारलं. म्हणाली, दुसऱ्या वर्षी मी सोडून यायला निघाले होते, तेव्हा हाडांची नावं माझ्याकडून कुणी पाठ करून घेतली? खरंय. गाईची हाडं. दोनशेच्या वर निघाली. रोज संध्याकाळी फोनवर. मी माझ्या अक्षरात कार्डं केली होती, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत. अजून निम्मी पाठ आहेत. बायको म्हणाली, मी खाली बसून डोळे भरून बघेन, तुम्हीच जा.

थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो. नाक वाहत होतं. ओल्या शर्टामुळे.

दुपारी ३. घरच्यांसाठी चार पास मिळतात. एक बायकोला, एक मेव्हणीला. तिसरा साडूला. पुढच्या रांगेतला. मी स्टेजवर, नखशिखांत नियमात, आणि तो खाली बसून टाळ्या वाजवतोय. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. मुलीला सांगितलं, काकांना नक्की बोलाव. ती केवढी खूश झाली. म्हणाली, बाबा, तू मनातून काढलंस ना सगळं? हो म्हणालो.

१४ सप्टेंबर, रविवार.

रेडिमेड नकोच. जुन्या बाजारातल्या मास्तरांकडे गेलो. दुकान जिन्याखाली, ते बसले की गिऱ्हाईक बाहेरच. गळ्यात टेप, कानामागे खडू. पोटाचं माप घेताना मी श्वास आत घेतला. मास्तर टेप धरून थांबले. मीही थांबलो. ते थांबून राहिले. माणूस किती वेळ थांबणार? शेवटी सोडला. त्यांनी तेच माप लिहिलं. दीड इंचाचा प्रश्न होता, पण स्वभाव कळला.

म्हणाले, तीन ट्रायल होतील, दहा नोव्हेंबरला कोट हातात. गडद निळं कापड घेतलं. साडूकडे गडद निळा आहे, माझा एक छटा अधिक गडद. त्याच्या शेजारी उभा राहिलो की त्याचा विटका दिसेल.

आजच किल्ल्यांच्या जुडग्याला नेलकटर लावला. साडूच्या दुप्पट मोठा. मांडीला टोचतो.

२७ सप्टेंबर, शनिवार.

पहिली ट्रायल. गृहस्थांच्या नव्या व्हिडिओप्रमाणे कॉलर अर्धा इंच रुंद करायला सांगितली. मास्तरांनी खडूने रेघ मारली. जरा जोरातच मारली.

दरम्यान साडूला सुनवायचं वाक्य तयार होतंय. समारंभ संपला की त्याच्याजवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं: "साडूभाऊ, राग मानू नका, पण मोजे पँटशी जुळवायचे असतात, बुटांशी नाही." त्याचे मोजे नेहमी बुटांशी असतात, पाहून ठेवलंय. आरशासमोर रोज वीस वेळा म्हणतो. "राग मानू नका" वर हसू येतं, ते आवरायला हवं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

दुसरी ट्रायल. खिसे तिरके करायला सांगितले. सरळ खिसा शोरूमवाले ठेवतात.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. "कोट तुम्हाला घालायचाय की कुणाला दाखवायचाय?"

दोन्ही, म्हणालो. कारागिराला असले बारकावे कळत नाहीत. तिसरी यादी करावी की काय. नको, कोट हाती येईपर्यंत मास्तरांना सांभाळून घ्यायचं.

२ नोव्हेंबर, रविवार.

अस्तर बदलायला सांगितलं. मरून. गृहस्थ म्हणतात, खऱ्या माणसाचं वैभव आत असतं. मास्तर म्हणाले, मग दहाची तारीख विसरा. हे सगळे असंच घाबरवतात.

वस्तू आता नऊ. बाकी चोवीस लवकरच. बायकोने पैज लावलीय की मी पोशाखाचा विषय न काढता एक जेवण पुरं करू शकत नाही. दुपारी हरलो. उद्या पुन्हा.

९ नोव्हेंबर, रविवार.

दुकान बंद. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, मास्तरांच्या बहिणीला बरं नाही, ते तिकडे गेलेत. कधी येतील? सोळाला. सोळाला!! हा घातपात आहे. साडूची गाडी कधी या रस्त्याने जाते का, विचारलं. घड्याळवाल्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.

विजय! कोट घरात आहे.

मास्तरांची बायको तयार कपडे द्यायला तासभर दुकान उघडते असं कळलं. गेलो. कोट हँगरवर, समोर. बाह्या आहेत, कॉलर आहे, मरून अस्तर आहे, आणखी काय हवं? बाई म्हणाल्या, तो कोट अजून धावदोऱ्यावर आहे, आत्ता नेऊ नका.

धावदोरा! शब्द काळजात बसला. गृहस्थ म्हणालेच होते, भारी कोट असा शिवतात की माणूस त्यात धावला तरी अडत नाही. मास्तर बोलायला खडूस, पण बोटांत जादू आहे. बाईंना म्हटलं, घरी दाखवून लगेच आणतो. त्या नको नको म्हणत होत्या, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

मास्तरांचं नाव तिसऱ्या यादीत लिहिलेलंच नव्हतं, तरीही खोडलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १२.

मुलीचा फोन. आज चारला रिहर्सल आहे, ये. पदक कसं घालायचं, कुठून चढायचं, ते दाखवतात. म्हटलं, हात वर करून गळ्यात रिबन टाकायची, त्यात रिहर्सल कसली? इथे महत्त्वाचं काम आहे. बरं म्हणाली. आवाज जरा पडला होता. समारंभाच्या धावपळीचा थकवा.

दुपारी ३. महत्त्वाचं काम झालं. कोट उजेडात नीट पाहिला. जिकडेतिकडे पांढरे दोरे! बाह्यांवर, खांद्यांवर, कॉलरखाली, लांब लांब टाके. म्हणजे याही वेळेला तेच! साडूने हे बघितलं असतं तर? नेलकटर काढून पुन्हा सगळ्यांसमोर?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. इथे पुढचाही मीच आणि मागचाही मीच. बाथरूमची कडी लावली आणि माझ्या नेलकटरने दिसेल तो दोरा कापला. एकूणएक. वीस मिनिटं लागली. आतून अस्तराखाली काही असतील ते दिसत नाहीत, राहू देत. आता कोणत्याही साडूने भिंग घेऊन बघावं.

बायकोला दाखवला नाही. तीही हसली होती. उद्याच बघेल.

संध्याकाळी ५. शर्टाची इस्त्री. फक्त कॉलर, कफ आणि छातीवर टायच्या दोन्ही बाजूंना वीतभर. बाकीचा भाग कोटाखाली जाणार, तिथे इस्त्री म्हणजे अंधारात दिवाबत्ती न लावता केलेला शृंगार. हा बेचाळिसावा नियम, माझा स्वतःचा.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.

आज. कोट अंगात. खांद्याशी जरा सैल, म्हणजेच धावदोरा. मोजे पँटशी. कफ अर्धा इंच, पट्टीने मोजला. खालचं बटण उघडं. वाक्य पाठ. बायको म्हणाली, छान दिसताय हो, खरंच. चाळीसपैकी एक साक्षीदार फितूर झाला.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.

काल लिहिलं नाही. जमलं नाही.

आता जसं घडलं तसं लिहितो. साडू आला तो हाफ शर्ट आणि सँडलमध्ये. मोजेच नाहीत. मी विचारलं, हे काय? म्हणाला, महिन्याचे सव्वीस दिवस कोट अंगावर असतो, सुट्टीच्या दिवशी कोण घालतो? मोज्यांचं वाक्य तिथेच वाया गेलं. दोन महिने रोज वीस वेळा.

बायको आणि मेव्हणी सातव्या रांगेत मधोमध बसल्या. पदकवाल्यांच्या पालकांना स्टेजशेजारच्या पॅसेजमध्ये उभं केलं. माझ्या आधी पाच जण. पुढचे एक पालक, मुलाला रिबन कशी घालायची ते हवेत हात करून बघत होते. काल रिहर्सलला शिकवलंय म्हणाले. मला वाटलं आपणही बघावं. दोन्ही हात वर केले.

उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि कोपरापर्यंत घसरली. आवाजही झाला नाही. मी ती वर ओढायला गेलो तर डावी सुटली.

पाठीला भिंत लावून उभा राहिलो. दाराशी साडू मोबाइलवर फोटो काढायला जागा शोधत होता. त्याने बघितलं. मला वाटलं आता हसणार. हसला नाही. आत आला, बाही उचलून शिवण बघितली आणि म्हणाला की हा धावदोरा होता, ट्रायलपुरता कच्चा टाका, त्यावर पक्की शिलाई व्हायची असते, हा कापला कुणी? मी सांगितलं नाही. मग त्याने धावत जाऊन तिथल्या बायांकडून टाचण्या आणल्या. तीन मिळाल्या. त्या लावत असताना मुलीच्या आधीचं नाव पुकारलं गेलं.

तो म्हणाला, "अहो, कोट काढा आणि शर्टावर जा. पोर वाट बघतेय."

शर्टावर. चाळीस नव्हे, आठशे माणसांसमोर. पाठ, पोट, बाह्या, सगळा चुरगळलेला. मी नियम सांगितला त्याला. कोटाखालचा शर्ट अंतर्वस्त्र असतं म्हणून. त्याला कळलं नसावं. म्हणालो, दोन मिनिटं, दोनच मिनिटं, डावीला एक टाचणी लावा.

मुलीचं नाव पुकारलं. मग "सोबत वडील" असं म्हणाले. मग पुन्हा एकदा तिचं नाव. पडद्याच्या फटीतून दिसत होती. काळा झगा, टोपी, या बाजूला बघत होती.

साडू म्हणाला, मी जाऊन त्यांना थांबायला सांगतो. तो खरंच थांबायला सांगायलाच गेला होता. मी ऐकलंय, "एक मिनिट, ते" एवढं म्हणालाही तो. पण तिथल्या बाईने त्याच्या हातात रिबन दिली आणि पाठीवर हात ठेवून पुढे केलं. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. टाळ्या सुरू झाल्या.

एकूण दहा सेकंद. मी फटीतून बघितलं. पदक घालताना मुलगी पुन्हा एकदा याच बाजूला वळली होती.

दुपारी १. काल परत येताना त्याच्या गाडीत पुढे बसलो. मागून बायको एकदाच म्हणाली, मी सातव्या रांगेत उभी राहून तुम्हाला शोधत होते. मी साडूला विचारलं, ते लेबल कापलंत तेव्हा काय वाटलं होतं? कसलं लेबल, म्हणाला. सगळं सांगितलं. तारीख सांगितली, नेलकटर सांगितला, फुली सांगितली. त्याने गाडी बाजूला घेतली, आठवून बघितलं. नाही म्हणाला, आठवत नाही. शोरूममध्ये नव्या पोरांची लेबलं रोजच कापतो म्हणे. मग म्हणाला, वाईट वाटलं असेल तर सॉरी हो. सिग्नल नव्हता काही नव्हतं, तरी बराच वेळ तिथेच थांबलो होतो.

तिरस्कार करायला माणूस लागतो. हा सॉरी म्हणून मोकळा झाला. आता मी काय करू?

संध्याकाळी ६. मुलगी घरी आली. रागावली असती तर बरं झालं असतं. पदक टेबलावर ठेवलं, चहा घेतला, मग विचारलं, "बाबा, तू शर्टावर का नाही आलास?"

उत्तर होतं माझ्याकडे. नियम क्रमांक सात, अंतर्वस्त्राचा. पण म्हटलं, इस्त्री नव्हती गं. तिने मान हलवली. मग म्हणाली, मला तर तू गोठ्यातलं फडकं नेसून आला असतास तरी चाललं असतं, मी तिथे तुझी वाट बघत होते. आणि आत गेली.

मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. यादीत पहिल्यांदाच माझं नाव लिहिलं. पण स्वतःवर सूड कसा घ्यायचा हे गृहस्थांनी सांगितलेलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

मास्तर आलेत. बहीण बरी आहे म्हणाले. कोट परत केला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, दोऱ्यांची टोकं बोटांनी चाचपली. मी म्हटलं, मीच कापले. एवढंच म्हणाले, की दोन महिन्यांचं काम होतं, मला विचारलं असतं तर मी बहिणीकडूनही फोनवर सांगितलं असतं. भांडायला गेलो होतो. त्यांच्यासाठी चहा सांगून परत आलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

गृहस्थांचा नवा व्हिडिओ आलाय. बघितला नाही. निम्मा बघितला.

हाफ शर्ट घेऊन आलो. दोन. चौकड्यांचे. बायको म्हणाली, उशीर झाला नाही का? कशाला, ते तिने सांगितलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.

कॉलेजचं वार्तापत्र पोस्टाने आलं. दुसऱ्या पानावर मुलीचा मोठा फोटो. हसतेय. साडू हाफ शर्टात, दोन्ही हात वर, रिबन तिच्या टोपीवरून नेताना. फोटो चांगला आलाय. खाली छापलंय: "प्रथम क्रमांकाचं पदक स्वीकारताना, सोबत वडील."

बायकोने वाचलं, माझ्याकडे बघितलं. दुरुस्तीचं पत्र पाठवा, म्हणाली, तुमचं तर कामच ते. बरोबर आहे. बावीस वर्षांत हजारो दुरुस्त्या पाठवल्यात. कोरा कागद घेतला. झरझर लिहिलं.

"महोदय, आपल्या अंकातील पृष्ठ दोनवरील छायाचित्रातील गृहस्थ हे सदर विद्यार्थिनीचे वडील नसून वडिलांचे साडू आहेत. सदर विद्यार्थिनीचे वडील त्या वेळी सभागृहात हजर होते."

इथपर्यंत ठीक. पुढे लिहावं लागतं, हजर होते तर कुठे होते. अर्धा तास पेन धरून बसलो. शेवटी "हजर होते" खोडलं. मग सगळंच खोडलं. मुलीने फोटो कापून तिच्या टेबलासमोर भिंतीवर लावलाय, खालच्या ओळीसकट. तिने ती ओळ काढायला हवी होती असं मला वाटतं, पण हे तिला सांगायचं कुठल्या तोंडाने.